चॉक सादळलाय!

मुंबईच्या पावसाळ्यात काय सादळत नाही? बिस्किटं सादळतात, चिवडा सादळतो, काडेपेटी सादळते, मीठ डबीच्या भोकांना चिकटून बसतं आणि कपाटाचं दार एकदा फुगलं की गणपतीपर्यंत नीट लागत नाही. पण यातल्या एकाही वस्तूवर माणूस स्वतःच्या अपयशाचं खापर फोडत नाही. चिवडा मऊ पडला म्हणून प्रमोशन हुकलं, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. हे भाग्य एकट्या चॉकच्या वाट्याला आलं आहे. शाळेतल्या नव्हे; पूलच्या टेबलाच्या काठावर निळ्या धुळीत बसलेल्या, इंचभरही नसलेल्या त्या चौकोनी वडीच्या.

जून लागला की उपनगरातल्या कुठल्याही पूल पार्लरमध्ये जाऊन बसा. खेळायलाच पाहिजे असं नाही. कोपऱ्यातला फाटका सोफा नुसतं बसणाऱ्यांसाठीच ठेवलेला असतो. अर्ध्या तासाच्या आत हा प्रवेश बघायला मिळेल. एक गृहस्थ टेबलावर ओणवे होतात. हनुवटी स्टिकला टेकवतात. एक डोळा मिटतात, जो मिटायची काहीच गरज नसते. स्टिक चार वेळा मागे-पुढे करतात आणि हाणतात. 'टक्' असा भरीव आवाज यायला हवा, त्याऐवजी 'चट्' असा किरटा आवाज येतो. व्हाइट बॉल ठरलेली वाट सोडून भलतीकडे निघतो, जाता जाता आठ नंबरला पॉकेटात ढकलतो आणि स्वतःही त्याच्यामागोमाग उडी घेतो. गेम खलास.

आता बघायचं ते पुढे. फटक्याच्या वेळी गृहस्थांचं कोपर वीतभर बाहेर गेलेलं अख्ख्या सोफ्यानं पाहिलेलं असतं, पण गृहस्थ कोपराकडे बघत नाहीत. ते शांतपणे सरळ होतात, स्टिकचं टोक डोळ्यांसमोर धरतात, मग चॉक उचलतात, ट्यूबलाइटकडे तिरपा करतात आणि निकाल देतात, "सादळलाय."

समोरचा जिंकलेला असतो, म्हणून उदार असतो. "हो रे, आज हवाच तशी आहे," असं म्हणून तो पाठीवर हात ठेवतो. पुढचा गेम तो हरतो. मग त्याचाही चॉक सादळतो. हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे भरायचे असा सगळीकडे रिवाज असल्यामुळे हा प्रश्न निव्वळ अब्रूचा राहत नाही. त्यात खिसाही गुंतलेला असतो.

आरोप अगदीच बिनबुडाचा असता, तर इतकी वर्षं टिकला नसता. चॉक म्हणून आपण जे घासतो त्यात फळ्यावरच्या खडूतलं काहीच नसतं. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी काटकसर म्हणून शाळेतला खडू आणून टिपला लावून पाहिला होता. पांढरी भुकटी उडाली, टिप होती तशी गुळगुळीत राहिली आणि मालकानं कापड झाडायला लावलं ते वेगळंच. पूलच्या चॉकमध्ये असते ती सिलिका, कुरुंदासारखी कठीण पूड, रंग आणि हे सगळं धरून ठेवणारा चिकटा. थोडक्यात, धार लावायच्या दगडाच्या नात्यातली ही वस्तू आहे. तिचं कामही एकच. स्टिकच्या टोकाची चामड्याची टिप आणि चकचकीत बॉल यांची भेट होते ती सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती. तेवढ्या वेळात टिप घसरू द्यायची नाही.

बॉल बरोबर मध्यावर मारलात, तर चॉकवाचूनही भागतं. पण मध्यावर मारण्यात कुणाला गोडी आहे? साइड द्यायची असते, स्क्रू मारून व्हाइट मागे खेचायचा असतो आणि तेही शेजारच्या टेबलावरची मंडळी बघत असताना. टिप मध्यापासून जितकी बाजूला, तितकी फिरकी जास्त. पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा. चॉक नीट लागलेला असेल, तर मध्यापासून सुमारे 14 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत बाजूला जाता येतं. त्याच्या पलीकडे जगातला कुठलाही चॉक वाचवत नाही. आपले गृहस्थ वीसच्या आसपास होते. तिथे राजस्थानच्या वाळवंटात तळून काढलेला चॉक लावला असता, तरी व्हाइटनं तीच उडी घेतली असती.

तरी गृहस्थांच्या बाजूचं जे आहे ते सांगितलं पाहिजे. जुलैत मुंबईची आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. अशा हवेत वडीच्या वरच्या थरात ओल शिरते. कोरडा चॉक टिपवर बारीक, खरखरीत लेप देतो. ओलसर चॉकचे कण एकमेकांना धरून बसतात, म्हणून लेप बसतो तो कुठे गठ्ठा, कुठे उघडं चामडं असा. त्यातून आमच्याकडे चॉक लावायची पद्धत अशी, की वडीच्या मधोमध स्टिकचं टोक खुपसायचं आणि मिक्सर लावल्यासारखं गरगरा फिरवायचं. त्यानं वडीला खोल खळगा पडतो आणि दमट हवेत घोटून घोटून त्या खळग्याला चकाकी येते. चकाकी आली की संपलं. टिप आत नुसती घसरते आणि माणसाला वाटतं आपण चॉक लावला. खरं तर वडी तिरपी धरून टिपच्या कडांवरून हलकेच फिरवायची असते. पण तसं करताना माणूस विचारात पडल्यासारखा दिसत नाही. गरगरा फिरवताना दिसतो.

आणखी एक भानगड होते. ओलसर गठ्ठा टिपवरून सुटून बॉलला चिकटतो. तो निळा ठिपका फिरत फिरत नेमका दोन बॉल भिडतात त्या जागी आला, तर ते क्षणभर एकमेकांना धरतात आणि मनात आखलेला कोन बिघडतो. टीव्हीवर स्नूकर बघताना एखादा खेळाडू तोंड वाकडं करून रेफ्रीकडून बॉल पुसून घेतो, ते यासाठी. त्या लोकात याला 'किक' म्हणतात. आपल्या पार्लरमध्ये यालाही 'सादळलाय'च म्हणतात. एका शब्दात सगळं भागत असेल, तर दुसरा शब्द शिकतो कोण?

एवढी कलमं चॉकवर लागतात. बाकीचे गुन्हेगार मोकाट आहेत, हे मला एका जिमखान्यातल्या मार्करनी दाखवून दिलं. बिलियर्ड्सच्या खोलीत मार्कर नावाचा जो माणूस असतो, त्याची कामं म्हणजे स्कोअर सांगणं, टेबल झाडणं, टिपा बसवणं आणि मेंबर कुणामुळे हरले ते मान डोलवत ऐकून घेणं. हे मार्करकाका वयस्क, मितभाषी. मी त्यांना चॉकचं विचारलं, तेव्हा ते टिपवर कानस फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "चॉकला काय होतंय, साहेब? दमा कापडाला झालाय."

मग त्यांनी माझा हात धरून टेबलावर ठेवला. "फिरवा. असा नाही, उलटा." स्नूकरच्या कापडाला लव असते आणि ती एकाच दिशेला झुकलेली असते, टेबलाच्या एका टोकाच्या बॉक लाइनकडून दुसऱ्या टोकाच्या काळ्या बॉलकडे. त्या दिशेनं हात फिरवला, तेव्हा काही जाणवलं नाही. उलटा फिरवला आणि बोटं अडखळली. कापड ओलं नव्हतं, पण कोरडंही नव्हतं. लव फुगून उभी राहिली होती. कापड लोकरीचं आणि लोकरीचा गुण असा, की हाताला ओली न लागता ती आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पिऊन बसू शकते. बारा फूट बाय सहा फुटांच्या टेबलावर ती पिणारी लोकर किती पसरलेली असते, याचा हिशेब कुणीच करत नाही.

काकांनी एक लाल बॉल उचलला, बॉक लाइनवर ठेवला आणि तळहातानं ढकलला. तो रमतगमत गेला आणि वरच्या कुशनच्या हातभर अलीकडे थांबला. मग त्यांनी ब्रश काढला, बॉककडून काळ्याकडे सरळ ओळीत फिरवला आणि इस्त्री तापवली. ही टेबलाची इस्त्री घरातल्या इस्त्रीच्या दुप्पट रुंद आणि वजनाला अशी, की ती मागे-पुढे करायचा मोह कुणाला होऊ नये. एका दिशेनं ओढायची, उचलायची, पुन्हा आरंभाला आणायची. मध्ये थांबलं की कापड करपलंच. खोलीत ओल्या लोकरीचा वास पसरला. शेवटची पट्टी झाल्यावर काकांनी तोच बॉल त्याच जागेवरून, त्याच तळहातानं ढकलला. तो कुशनला लागून चार बोटं परत आला. काका काही बोलले नाहीत. कानस उचलून पुन्हा टिपकडे वळले.

कापडाचं हे झालं. त्याच दमट हवेत टिपचं चामडं मऊ पडून कडेला फुगतं. ओलसर कापडामुळे बॉल कुशनवरून नेहमीपेक्षा आखूड कोनात परततो, त्यामुळे 'बँक शॉट' नावाचा प्रकार जुलैत लॉटरीच्या जवळ जातो. लाकडी स्टिक भिंतीला तिरपी टेकवून ठेवली असेल, तर ती हळूच बाक धरते. तळहात घामेजतो आणि स्टिक अंगठ्याच्या बेचक्यात अडकत पुढे सरकते. त्यावर उपाय म्हणून मंडळी टाल्कम पावडर लावतात. पावडर, घाम आणि चॉक यांचं मिळून हातावर निळसर उटणं तयार होतं, ते कापडाला पुसलं जातं, तिथून बॉलला लागतं आणि तिथून शर्टाला. घरी गेल्यावर या डागांचं स्पष्टीकरण देताना माणूस पुन्हा चॉकचंच नाव सांगतो.

इतके सगळे आरोपी समोर उभे असताना पकडला जातो तो चॉकच आणि त्यालाही कारण आहे. कापड मालकाचं, त्याला नावं ठेवली, तर मालक ऐकवणार की परवडत नसेल तर कॅरम खेळा. स्टिक स्वतःची आणि बायकोला किंमत निम्मी सांगून घेतलेली. तिला वाईट म्हणणं सर्वच दृष्टींनी धोक्याचं. हात तर आपलाच. उरला चॉक. तो कुणाचाच नसतो, सगळ्यांत स्वस्त असतो आणि उलट बोलत नाही.

मजा म्हणजे या खेळाचा आणि ओलीचा घरोबा पहिल्यापासूनचा आहे. चामड्याच्या टिपचं श्रेय दिलं जातं फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन फ्रांस्वा मिंगो यांना; 1807 च्या सुमारास ते पॅरिसच्या तुरुंगात होते आणि तिथे बिलियर्ड्सचं टेबल होतं. (आपल्याकडे तुरुंगात ग्रंथ लिहिले गेले, त्यांच्याकडे टिप निघाली.) पुढे 1820 च्या दशकात इंग्लंडात बाथ इथल्या जॉन कार नावाच्या मार्करनं खडूची पूड औषधाच्या गोळ्यांच्या डब्यांत भरून 'फिरकीची जादूची पूड' म्हणून विकली. बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. म्हणजे चॉकचा पहिला धंदा निघाला तोच वाफेच्या शेजारी! आणि विकणारा मार्कर होता, हे लक्षात घ्या. जादू पुडीत नसून मनगटात आहे, हे त्याला ठाऊक नसेल? पण मनगट डबीत भरून विकता येत नाही.

त्याहून गंमत स्नूकरची. हा खेळ 1875 साली आपल्या शेजारच्या जबलपुरात, डेव्हनशर रेजिमेंटच्या ऑफिसर्स मेसमध्ये जन्मला आणि त्याचं कारण होतं पाऊस. बाहेर संततधार, परेड नाही, शिकार नाही; मेसमधले तरुण अधिकारी कंटाळून बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवत बसले. ही कल्पना लढवणारे नेव्हिल चेंबरलेन. ज्यांच्या हातात सदैव छत्री असायची, ते पंतप्रधान चेंबरलेन वेगळे. यांना छत्री लागायची नाही, कारण पावसाळाभर हे मेसबाहेर पडलेच नसावेत. पुढे या खेळाचे नियम उटकमंडच्या क्लबात भिंतीवर लागले. ते तर ढगांचंच गाव. पाऊस पडतो म्हणून आत येऊन खेळायचा हा खेळ आणि आत आल्यावर तक्रार काय, तर पाऊस पडतो!

त्या साहेब लोकांकडे आपला आजचा चॉकही नव्हता. तो आला 1897 साली. विल्यम स्पिंक्स हा अमेरिकेतला नावाजलेला बिलियर्ड्स खेळाडू आणि शिकागोचे रसायनतज्ज्ञ विल्यम होस्किन्स या दोघांनी सिलिका आणि कुरुंदाच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. स्पिंक्स यांनी नंतर कॅलिफोर्नियात अवोकाडोची बाग केली. होस्किन्स यांच्याबद्दल मात्र मला विशेष आदर आहे. विजेनं लालबुंद होणारी निक्रोमची तार त्यांच्याच शिकागोच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट मार्श यांनी तयार केली. टोस्टर, इस्त्री, केस वाळवायचा ड्रायर, सगळे त्या तारेचे वंशज. म्हणजे ज्या माणसानं जगाला सादळणारी वस्तू दिली, त्याच्याच छपराखाली ती वाळवायची सोयही झाली. इतका जबाबदार संशोधक विरळा.

आमच्या मंडळींना हा इतिहास माहीत नसला, तरी निष्कर्षाला ती आपल्या बुद्धीनं पोचली आहेत. पार्लरच्या खालच्या न्हाव्याकडून ड्रायर मागून आणून चॉक वाळवणारे महाभाग मी पाहिले आहेत. एक जण घरून स्टीलच्या डबीत तांदूळ आणि त्यात पुरलेला चॉक आणतो; खेळ संपल्यावर तांदूळ निळे झालेले असतात, तरी तो ते परत घेऊन जातो, हे मला अजून कोड्यात टाकतं. दुसरा नव्या बुटांच्या खोक्यातल्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या जमवतो. तिसऱ्यानं तव्यावर भाजून पाहिला. वडीवरचा कागद जळाला आणि धुरामुळे शेजाऱ्यांनी बेल वाजवली. बहुसंख्य लोक मात्र चॉक पँटच्या खिशात ठेवतात आणि घामाची ऊब त्याला थेट मिळेल अशी व्यवस्था करतात.

अलीकडे परदेशी चॉक निघालेत. एकेक वडी हजार-दोन हजारांची, मखमली पिशवीत, चुंबकाच्या टोपणात. कमी धूळ, बॉलवर डाग कमी, लेप टिकाऊ हे त्यांचे गुण खरे आहेत. पण त्यांनी एक सामाजिक प्रश्न उभा केला. दोन हजारांचा चॉक लावून मिसक्यू झाला, म्हणजे टिप घसरली, तर दोष कुणाला द्यायचा? एका डॉक्टरांनी तो पेच सोडवला. त्यांचा चॉक त्यांच्याच खिशातून निघतो, त्यांच्याच टिपला लागतो, परत खिशात जातो. फटका फसल्यावर ते म्हणाले, "तुमचा चॉक बॉलला लागलाय. त्यानं माझा खराब केला." दहा रुपयांचा चॉक खाली मान घालून काठावर बसला होता, त्यालाच पुन्हा शिक्षा.

मी एकदा वादात विल्सन जोन्स यांचं नाव काढलं. जन्म पुण्याचा, 1922 सालचा. 1958 मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून कुठल्याही खेळात जगज्जेते झालेले पहिले भारतीय. मुंबईच्या याच हवेत खेळून मोठे झाले आणि मायकेल फेरेरा यांनीही पुढे तीनदा हौशी जगज्जेतेपद आणलं ते मुंबईतच राहून. चॉकनं घात केला, असं त्यांच्यापैकी कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. आपले गृहस्थ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "त्या काळी चॉक चांगले यायचे हो."

कोरड्या हवेत सगळं ठीक होतं म्हणावं, तर तसंही नाही. आमच्याकडे नागपूरचे एक पाहुणे येतात. मे महिन्यात त्यांच्याकडे चॉकचा भुगा होतो, टिपवर थांबतच नाही, सगळा कापडावर सांडतो, असं ते सांगतात. कापड वाळून असं पळतं, की हलका फटका मारला तरी बॉल कुशनला तीनदा भेटून येतो. ते म्हणाले, "आम्ही तर चॉकवर थोडी फुंकर मारतो भाऊ, ओल यावी म्हणून." हे ऐकून तांदळाच्या डबीवाल्याचा चेहरा पडला होता.

खरा इलाज स्पर्धांत दिसतो. मोठ्या स्नूकर स्पर्धांमध्ये टेबलाच्या दगडी फरशीखाली हीटर लावलेले असतात, कापड कोमट आणि कोरडं राहावं म्हणून. आपल्या पार्लरला हीटर कुठून परवडणार? पण एसी तरी हवेतली ओल खेचून घेतो. आमच्या पार्लरमध्ये एसी आहे. म्हणजे भिंतीवर आहे. बोर्डावर 'एसी' असं लिहिलेलंही आहे, तासाचा दरही एसीचा आहे. फक्त त्यातून वारा येतो तो पंख्याचा. दार दर दोन मिनिटांनी उघडतं, छत्र्या आत येतात, छत्र्यांचं पाणी टेबलाच्या पायांशी साठतं आणि वर चॉकवर खटला चालू असतो.

शेवटी न राहवून मी मालकाला म्हटलं, "शेठ, एसी एकदा दुरुस्त करून घ्या की. लोक किती वैतागतात बघा."

शेठनी वहीतून डोकं वर काढलं. "कशाला? उन्हाळ्यात ही पोरं तासात सहा गेम काढतात. आता तीन होतात. एक चॉक घासतो, दुसरा फुंकतो, तिसरा ड्रायर आणायला खाली जातो. मग भांडतात. भांडण झालं की दोघांना परत खेळायचंच असतं." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "पैसे गेमचे नाहीत साहेब, तासाचे आहेत."

तेवढ्यात तीन नंबरच्या टेबलावरून आरोळी आली, "शेठ, नवा चॉक द्या! हा सादळलाय!" शेठ उठले. नव्या चॉकचं खोकं चहाच्या बंबाच्या बरोब्बर वरच्या फळीवर, वाफ सरळ लागेल असं ठेवलेलं होतं. त्यातून त्यांनी एक वडी काढली, बनियनला पुसली आणि तीन नंबरकडे फेकली.